चार दिवसांचं पार्सनिप, अकरा महिन्यांची केळी

केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळताना एक गोष्ट हमखास खटकते. तिथलं केळीचं झाड संपतच नाही. रोप लावा, २८ दिवस थांबा, मग हंगामात रोज एक फळ, तेही कायमचं. घड नाही, फण्या नाहीत, पील (बुंध्याशी फुटणारं नवं रोप) राखणं नाही, घड उतरल्यावर खोड कापणं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या बागायतदाराला हे सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग म्हणेल, असं बेणं असेल तर आम्हालाही द्या.

पण हा गेम झाला तोच मुळी अशा खटकण्यातून. लहानपणी खेळलेल्या एका गेममध्ये काय काय राहून गेलं, याची यादी डोक्यात ठेवून मोठेपणी एका माणसाने तो बनवला.

मूळ गेम जपानचा. ९ ऑगस्ट १९९६ ला सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर 'बोकुजो मोनोगातारी' आला. बाहेरच्या जगात तो 'हार्वेस्ट मून' झाला. बनवणारा यासुहिरो वादा जपानातल्या मियाझाकी भागातल्या खेड्यातला. टोकियोला नोकरीला गेल्यावर त्याला गावाची किंमत कळली, आणि मारामारी नसलेला गेम करायचं त्याने घेतलं. काम चालू असतानाच ते करणारी कंपनी बुडाली. उरलेल्या दोन-चार जणांनी तो कसाबसा तडीस नेला. त्या पहिल्या गेममध्ये पिकं चारच होती: वसंतात सलगम आणि बटाटा, उन्हाळ्यात टोमॅटो आणि मका. पुढचे दोन ऋतू शेत रिकामं. संध्याकाळी सहाला घड्याळ थांबायचं, त्यामुळे अंगात दम असेपर्यंत रात्रभर कुदळ मारता यायची. कायमची रात्रपाळी, फक्त लाईटची वाट न बघता.

१९९९ साली प्लेस्टेशनवर आलेला 'बॅक टू नेचर' हा या मालिकेतला सगळ्यात लाडका. त्यातली एक अडचण नीट बघण्यासारखी आहे. बियांची एक पिशवी ३ × ३ अशा नऊ चौकटींत पडते. कोंब आले की पिकातून चालता येत नाही. साधी झारी समोरच्या एकाच चौकटीला पाणी देते. म्हणजे कडेच्या आठ रोपांना पाणी मिळतं आणि मधलं कोरडं राहतं. झारी सुधारून घेईपर्यंत यावर एकच तोड होती: एका बाजूची मधली चौकट नांगरायचीच नाही. तिथल्या बिया वाया जातात, पण त्या खाचेत उभं राहून मधल्या रोपाला पाणी देता येतं. नऊच्या जागी आठ पिकं. खेळणाऱ्या पोरांनी हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा वाफा आपापला शोधून काढला होता.

एरिक बॅरोन हा अमेरिकेतला असाच एक खेळाडू. त्याच्या मते 'बॅक टू नेचर'नंतर ही मालिका उतरत गेली. २०११ ला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टाकोमा केंद्रातून त्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली. नोकरी मिळेना, तेव्हा हात साफ व्हावा म्हणून त्याने सी शार्प भाषेत मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या गेम बनवायच्या साधनावर 'हार्वेस्ट मून'सारखा छोटा गेम लिहायला घेतला. तोच पुढे 'स्टारड्यू व्हॅली' झाला. काही महिन्यांचं म्हणून धरलेलं काम साडेचार वर्षं चाललं. या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायची अर्धवेळ नोकरी करत होता. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीत आणि संवादही त्याचेच. कितीतरी चित्रं त्याने पुन्हापुन्हा काढली, कारण शेवटाकडे येईपर्यंत हात सुधारला होता आणि सुरुवातीची चित्रं कच्ची वाटायला लागली होती.

नालेच्या वाफ्याची गरज त्याने संपवली. त्याच्या गेममध्ये पिकातून चालता येतं, फक्त चाल मंदावते. अपवाद मांडवावरच्या वेलांचा: घेवडा, द्राक्ष आणि हॉप्स (बिअरमध्ये घालतात तो वेल) वाट अडवतात. ज्याने गिलक्याचा मांडव बघितलाय त्याला हे पटेल. रात्री घड्याळ चालूच राहतं आणि दोनला माणूस कोसळतो. सकाळी सहापासून तिथपर्यंतचा दिवस खऱ्या वेळेत साधारण १४ मिनिटांचा.

आता पीक आतून कसं बांधलेलं असतं ते बघू, कारण आपल्या खानदेशातल्या शेतीचा असा गेम करायचा तर हात तिथेच घालावा लागतो. शेत म्हणजे १६ × १६ पिक्सेलच्या चौकटी. पीक म्हणजे वाढीच्या टप्प्यांचे दिवस, ऋतूंची यादी, आणि एकदा काढल्यावर पुन्हा येतं की नाही. पार्सनिप, म्हणजे गाजरासारखं एक पांढरट कंद, १, १, १, १ असं चार दिवसांत. बी २० चं, विक्री ३५ ला. फ्लॉवर १, २, ४, ४, १ असा बारा दिवसांत. रात्री झोपलं की गेम प्रत्येक चौकट तपासतो: ओली असेल तर एक दिवस पुढे, कोरडी असेल तर आहे तिथेच. सकाळी सगळं पुन्हा कोरडं. ऋतू बदलला की त्या ऋतूत न बसणारं पीक मरतं. ऋतू २८ दिवसांचा, वर्ष ११२ दिवसांचं.

खानदेश या सांगाड्यात बसवायला गेलं की पहिली मोडते ती केळी. टिश्यू कल्चरची बाग धरली तरी ११ महिने. ११२ दिवसांच्या वर्षात ते होतात १०३ दिवस. म्हणजे चारही ऋतू ओलांडणारं पीक, आणि नियम सांगतो ऋतू बदलला की मार. तेव्हा केळीला ऋतूंची यादी देऊन चालत नाही. ऋतूप्रमाणे वेग द्यावा लागतो. थंडीत वाढ मंद, मे-जूनच्या वादळात आडवी पडायचा धोका. कपाशी सोपी जाते. गेममधला मका दोन ऋतू चालतो आणि पुन्हापुन्हा येतो. तोच साचा लांबवला की तीन-चार वेचण्या बसतात.

दादर, म्हणजे रब्बी ज्वारीने मात्र पाण्याचा हिशोबच मोडतो. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत ती पावसाळ्यातल्या ओलीवर येते, वरून पाणी लागत नाही. गेमच्या नियमाने ती एक दिवसही पुढे जाणार नाही. म्हणून चौकटीला ओली-कोरडी एवढ्या दोनच अवस्था पुरत नाहीत, आकडा हवा: पावसाने भरेल, रोज थोडा उतरेल, काळ्या जमिनीत सावकाश आणि बरड जमिनीत भराभर.

पाण्याचं निघालं म्हणून ठिबक. बॅरोनच्या गेममध्ये तुषार सिंचनाचे तीन प्रकार आहेत, ४, ८ आणि २४ चौकटी भिजवणारे. ते कधी तुंबत नाहीत आणि त्यांना लाईट लागत नाही. जळगावचा माणूस हे मान्य करणार नाही. इथे क्षार साचून ड्रीपर बंद पडतात, गाळणी धुवावी लागते, लाईनमधून आम्ल सोडावं लागतं, आणि एवढं करून लाईट रात्री येते. (गेम विक्रीला आला २६ फेब्रुवारी २०१६ ला. ठिबक घरोघरी नेणारे जळगावचे भवरलाल जैन आदल्याच दिवशी गेले होते. संबंध काही नाही, पण त्या दिवशी जळगावात गेमची बातमी कुणी वाचली असेल असं वाटत नाही.)

दिनदर्शिकाही दोन लागतील. गेममधले सण ठरल्या तारखेला येतात आणि वर्ष वसंताच्या १ तारखेला सुरू होतं. इथे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला बदलतं, म्हणजे तिथीने; पेरणी बघायची ती मृगाकडे, म्हणजे सूर्याने. अधिक महिना आला की दोघांतलं अंतर सरकतं. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले तर तिसऱ्या वर्षी पोळा भलत्याच पावसात येईल.

राहता राहिली केळी. घड उतरला की चौकट रिकामी करायची, पण शेजारच्या चौकटीत आधीच राखलेलं पील त्याच क्षणी वाढीच्या मधल्या टप्प्यावर चालू ठेवायचं. पिलं अनेक फुटतात. राखायचं एकच, बाकीची विळ्याने काढायची, नाहीतर मूळ झाडाचा घड बारीक. आणि पील मूळ झाडाच्या बाजूने फुटतं, म्हणून पिलबाग दर खेपेला थोडी सरकते. गेममध्ये प्रत्येक चौकटीचा पत्ता पक्का असतो. राखलेलं पील कुठल्या दिशेचं, हे साठवायला आणखी एक आकडा लागतो. तो विसरला तर तिसऱ्या खेपेला ओळी वाकड्या होतात आणि ठिबकची नळी एकीकडे, झाडं दुसरीकडे.