मेगॅस्थेनीसची 'इंडिका' : हरवलेला ग्रंथ आणि उरलेले उतारे

मौर्यकालीन समाजाबद्दल 'मेगॅस्थेनीस म्हणतो' असे आपण सर्रास लिहितो. पण या ग्रीक लेखकाचा भारतावरचा ग्रंथ 'इंडिका' मूळ रूपात आज उपलब्धच नाही. अलेक्झांडरचा सेनानी व नंतर पश्चिम आशियाचा राजा झालेला सेल्यूकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांचा इ.स.पू. ३०३ च्या सुमारास तह झाला, चंद्रगुप्ताने ५०० हत्ती दिले आणि पुढे सेल्यूकसचा राजदूत म्हणून मेगॅस्थेनीस पाटलिपुत्रास आला. त्याचे लेखन उरले ते मुख्यतः ग्रीक लेखक डायोडोरस, स्ट्रॅबो आणि अ‍ॅरियन या तिघांच्या उताऱ्यांत, म्हणजे अडीचशे ते साडेचारशे वर्षांनंतरच्या लेखनात. जर्मन अभ्यासक श्वानबेकने हे विखुरलेले तुकडे १८४६ मध्ये बॉन येथे एकत्र छापले.

म्हणून कोणतेही विधान वापरण्याआधी ते तिघांपैकी कोणाकडून आले, हे पाहावेच लागते. शेतसाऱ्याचेच घ्या. डायोडोरस सांगतो, शेतकरी राजाला जमिनीचा खंड देतात आणि वर उत्पन्नाचा चौथा हिस्सा. स्ट्रॅबोचे वाक्य मात्र असे, की शेतकऱ्याला मजुरी म्हणून चौथा हिस्सा मिळतो, असाही अर्थ निघतो. अ‍ॅरियन नुसता कराचा उल्लेख करतो. चौथाई देणारा कुळवाडी आणि चौथाईवर राबणारा मजूर, यांत केवढे अंतर! एकाच उताऱ्यावर मौर्य महसूलव्यवस्था उभी केली, की हिशेब तिथेच चुकतो.

'भारतात गुलाम नाहीत' हे मेगॅस्थेनीसचे विधानही असेच तपासून घ्यावे लागते. अशोकाच्या नवव्या शिलालेखात दास आणि नोकर यांच्याशी नीट वागण्याचा उपदेश आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात दासांचे स्वतंत्र नियम आहेत. ग्रीसमधल्यासारखी गुलामगिरी न दिसल्याने त्याची समजूत तशी झाली असावी.

समाजाचे सात वर्ग त्याने सांगितले: तत्त्वज्ञ, शेतकरी, गुराखी व शिकारी, कारागीर व व्यापारी, सैनिक, देखरेख करणारे हेर-अधिकारी, मंत्री-सल्लागार. ही चातुर्वर्ण्याची यादी नव्हे. कोण कर देतो, कोण सरकारी खजिन्यातून पोसला जातो, अशी दरबारातून दिसणारी ही विभागणी आहे. वर्गाबाहेर लग्न नाही, धंदा बदलता येत नाही, हे निरीक्षण मात्र जातिव्यवस्थेच्या अगदी जवळ जाते.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींत तो बराच भरवशाचा आहे. पाटलिपुत्र ८० स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) लांब, १५ रुंद. लाकडी तट, ५७० बुरूज, ६४ दरवाजे. पाटण्याजवळ बुलंदीबागेच्या उत्खननात असा लाकडी तट खरोखरच सापडला.