अमेरिकन निकेल घेताना ग्रेडबरोबर छापही बघा

अमेरिकेची पाच सेंटची जुनी नाणी, म्हणजे संग्राहकांची 'निकेल', आमच्याकडून घेणारे बरेच जण विचारतात: नाणं न वापरलेलं आहे म्हणता, मग त्यावरच्या बायसनच्या (अमेरिकी रानगव्याच्या) डोक्यावरची लोकर सपाट का? शंका रास्त आहे. ग्रेड म्हणजे नाणं किती जपलेलं आहे याचा दर्जा, आणि छाप म्हणजे साच्यातून चित्र किती ठसठशीत उठलं ते. नाणं झिजणं वेगळं आणि मुळात छापच पुसट उठणं वेगळं.

या नाण्यात 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असतं. हा मिश्रधातू फार कडक. 1866 साली ही नाणी सुरू झाली तेव्हापासून साचे लवकर तडकायचे. साचा जास्त टिकावा म्हणून टांकसाळीत दोन साच्यांमधलं अंतर थोडं वाढवत, झिजलेले साचेही वापरत राहत. मग धातू साच्याच्या खोल भागात पोचतच नसे. 1913 ते 1938 च्या बफेलो निकेलमध्ये (एका बाजूला वेणी घातलेल्या अमेरिकी आदिवासीचं डोकं, दुसऱ्या बाजूला बायसन), विशेषतः 1920 च्या दशकातल्या डेन्व्हर आणि सान फ्रान्सिस्को टांकसाळींच्या नाण्यांत, हे सर्रास दिसतं. 1926 चं डेन्व्हरचं नाणं तर त्यासाठी बदनामच आहे: कोरं असूनही वेणीच्या वरचे केस आणि बायसनची लोकर गुळगुळीत. उलट 1938 चं डेन्व्हरचं नाणं बहुतेक वेळा खणखणीत उठलेलं, आणि स्वस्तही. पहिलं बफेलो निकेल घ्यायचं असेल तर आम्ही तेच सुचवतो.

फरक ओळखायचा कसा? दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा. सपाट भागावरही चकाकी फिरत असेल आणि भिंगातून छापण्याआधीच्या कोऱ्या चकतीवरचे बारीक ओरखडे, खळगे दिसत असतील, तर छाप कमजोर आहे. तिथेच मंद, राखाडी गुळगुळीतपणा असेल तर ती झीज. अशा सालांत नुसतं शिंग दिसत नाही म्हणून नाणं झिजलेलं ठरवू नका.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं चित्र असलेल्या जेफरसन निकेलमध्ये (1938 पासून) मागच्या बाजूच्या माँटिचेलो या त्यांच्या घराच्या पायऱ्या मोजतात. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड असतील तरच 'फुल स्टेप्स'. मधे एखादी रेघ जरी तुटली, पायऱ्या एकमेकींत मिसळल्या, तर नाही. 1953 मध्ये सान फ्रान्सिस्कोत 1 कोटी 90 लाखांहून जास्त निकेल पाडली गेली, पण फुल स्टेप्सची अगदी मोजकीच. साधं नाणं किरकोळ किमतीत मिळतं, पायऱ्यांचं मात्र भाव खाऊन जातं. म्हणून पायऱ्यांसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांना ग्रेड देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डबीवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. नुसत्या मोठ्या ग्रेडवर जाऊ नका.

आम्ही प्रत्येक पाकिटावर ग्रेड आणि छाप असे दोन वेगळे शेरे लिहितो. विकत घेण्याआधी दहापट भिंगातून नाणं स्वतः बघून घ्या. भिंग काउंटरवरच ठेवलेलं असतं. नाणं कडेनं धरा, आणि घरी नेल्यावर चिंच, टूथपेस्ट किंवा पॉलिश लावू नका.