८०-२० चा दाखला अर्धाच सांगितला जातो

'८० टक्के मुली वरच्या २० टक्के मुलांच्याच मागे असतात. आधी स्वतःला दहापैकी मार्क द्या, मग त्या हिशेबाने मुलीशी वागा.' हा सल्ला रील्समधून पोरांच्या गळी उतरवला जातो. पुरावा म्हणून बहुतेक वेळा 'ओकेक्यूपिड' या अमेरिकी डेटिंग साइटने २००९ साली मांडलेली आकडेवारी पुढे केली जाते.

बायकांनी तिथे सुमारे ८० टक्के पुरुषांना दिसण्यात मध्यमपेक्षा खालचे गुण दिले, हे खरंच आहे. पण त्याच आकडेवारीत लगेच पुढे, बायका मेसेज कोणाला पाठवत होत्या, तेही होतं. त्यांचे बरेचसे मेसेज स्वतःच कमी गुण दिलेल्या पुरुषांना जात होते! पुरुषांचं उलट: गुण देताना हात सैल, पण मेसेजची झुंबड सर्वांत देखण्या बायकांकडे. ही बाजू गाळून विशी-पंचविशीतल्या मुलांना 'तू चार नंबरचा' म्हणून खच्ची करणं मला संतापजनक वाटतं.

मुळात तो नंबर टिकतच नाही. पॉल ईस्टविक आणि लूसी हंट या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २०१४ मध्ये वर्गमित्रांवर केलेला अभ्यास पाहा. सत्राच्या सुरुवातीला 'देखणं कोण' यावर वर्गाचं बऱ्यापैकी एकमत होतं. काही महिन्यांच्या सहवासानंतर ते घसरलं, ज्याची त्याची आवड वेगळी झाली. पुढच्याच वर्षी १६७ जोडप्यांच्या अभ्यासात दिसलं, की आधी मैत्री असलेल्या जोडप्यांत दोघांच्या दिसण्याचा मेळ फारसा नव्हता.