डुलक्या काढणारा राखणदार

दारावर कॅमेरा लावला आणि पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे ज्या काही क्लिपा जमल्या त्यात नुसत्या पाठीच होत्या. कुरिअरवाल्याची पाठ, शेजाऱ्यांची पाठ, एकदा तर माझी स्वतःची. चेहरा एकही नाही. मला वाटलं पीस खराब निघाला, बदलून घ्यावा, पण मग जरा खोलात जाऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की कॅमेरा ठणठणीत आहे, मीच तो नको तिथे टांगलाय आणि तो चोवीस तास बघत असतो ही माझी समजूतच मुळात चुकीची होती.

बॅटरीवरचा वायरलेस कॅमेरा बघत नसतो, झोपलेला असतो. त्याला झोपावंच लागतं. हिशोब करून बघा ना, समजा आतली बॅटरी २० वॉट-तासांची आहे आणि सेन्सर, प्रोसेसर, वायफाय सगळं चालू असताना कॅमेरा अडीच वॉट खातो, तर ८ तासांत खेळ खलास. आणि खोक्यावर तर महिनोनमहिने चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणजे दिवसातला जवळजवळ सगळा वेळ तो बंद असणार, फक्त एक छोटासा कान जागा. (वायरलेस शब्दाचाही घोळच आहे, काही कॅमेऱ्यांना फक्त नेटची वायर नसते पण प्लग लागतो, काहींना तोही लागत नाही. दोन्हीवर वायरलेसच लिहितात. घेताना हे आधी विचारा, कारण पुढचं निम्मं गणित यावरच बदलतं.)

तर तो जागा कान म्हणजे पीआयआर, अर्थात पॅसिव्ह इन्फ्रारेड (उष्णतेचे किरण टिपणारा) सेन्सर. आपलं अंग सतत उष्णतेचे किरण सोडत असतं, त्यांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास सगळ्यात जोरात असते, डोळ्यांना दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. सेन्सरच्या आत एका खास पदार्थाचे दोन बारके तुकडे असतात, त्यांचं तापमान बदललं की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. नुसतं गरम असून चालत नाही, बदल व्हायला पाहिजे. आणि दोन्ही तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात, म्हणजे हवाच तापली तर दोघांचे सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात आणि कॅमेरा उगाच जागा होत नाही. डोकं लावलंय कुणीतरी!

कॅमेऱ्यावर तो पांढरट, खवल्याखवल्यांचा प्लास्टिकचा फुगवटा असतो ना, ते या सेन्सरचं भिंग आहे. एक नाही, पुष्कळ भिंगं एकत्र. प्रत्येक खवला समोरच्या जागेची एकेक फाक सेन्सरवर आणून टाकतो. माणूस आडवा चालत गेला की तो एका फाकेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो, उष्णता कधी या तुकड्यावर कधी त्या तुकड्यावर, सिग्नल वरखाली नाचतो आणि कॅमेरा उठतो. पण माणूस सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर चालत आला तर तो बराच वेळ एकाच फाकेत राहतो, सेन्सरला पत्ताच लागत नाही, आणि लागतो तेव्हा तो पार दाराशी पोचलेला असतो. त्यात उठायला, वायफाय पकडायला एखाददोन सेकंद जातात. तोवर कुरिअरवाला पार्सल ठेवून वळलेला. म्हणून पाठी! माझं फाटक कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर होतं.

यातूनच आणखी दोन गोष्टी निघतात. काच या किरणांना भिंतीसारखी असते, आपल्याला आरपार दिसतं म्हणून त्यांनाही दिसेल असं नाही, त्यामुळे बॅटरीचा कॅमेरा खिडकीच्या आतून बाहेर रोखला तर तो उठणारच नाही. आणि कडक उन्हाळ्याच्या दुपारी अंगण माणसाच्या कातडीइतकंच तापलेलं असतं तेव्हा फरकच उरत नाही, सेन्सर आंधळा होतो. सेन्सिटिव्हिटी वाढवून ठेवली तर मग मांजर, तापलेली गाडी, उन्हात हलणारा पडदा सगळ्यांची क्लिप येते आणि चार दिवसांत आपण नोटिफिकेशन बंद करून टाकतो. मग कॅमेरा असून नसल्यासारखाच.

प्लगवाले कॅमेरे झोपत नाहीत, ते आधीची आणि आत्ताची फ्रेम ताडून बघतात. शिवाय मागचे काही सेकंद सतत आठवणीत धरून ठेवतात, त्यामुळे हालचाल व्हायच्या आधीचंही थोडं क्लिपमध्ये येतं. वायर नेता येत असेल तर माझं मत सरळ आहे, मुख्य दाराला प्लगवालाच लावा, बॅटरीवाला मागच्या गल्लीला.

आता पिक्सेल. दुकानात सगळ्यात जास्त बोलबाला याचाच आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच. १०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, मिळून साधारण २१ लाख. फोरके म्हणजे त्याच्या चौपट. पण चेहरा ओळखू येण्यासाठी एकूण पिक्सेल किती याला अर्थ नाही, त्या माणसाच्या जागेवर एका मीटरमध्ये किती पिक्सेल पडतात ते महत्त्वाचं. आयईसी ६२६७६-४ नावाचं एक मानक आहे, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरला २५० पिक्सेल धरले होते, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कुणीतरी आहे इतकंच कळायला २५. आता ११० अंशांची रुंद लेन्स घ्या, ५ मीटरवर ती साधारण १४ मीटर रुंदीचा पट्टा बघते, १९२० भागिले १४, मीटरला साधारण १३७ पिक्सेल. म्हणजे शेजारी ओळखू येईल, चोर नाही. अनोळखी चेहरा धड हवा असेल तर १०८०पी मध्ये त्याला पावणेतीन मीटरच्या आत यावं लागेल, फोरकेमध्ये साडेपाच. जाहिरातीत १६० अंश वगैरे लिहितात ना, ते ऐकायला भारी वाटतं पण जितका कोन मोठा तितके तेच पिक्सेल जास्त जागेवर पसरतात, भाकरीवर तूप एवढंसंच आणि भाकरी मोठी असा प्रकार.

रात्रीचं वेगळंच. अंधार पडला की आतून टक् असा बारीक आवाज येतो, चित्र टिपणाऱ्या सेन्सरसमोरची (पीआयआर नव्हे) इन्फ्रारेड अडवणारी काचेची चकती बाजूला सरकते आणि इन्फ्रारेडचे एलईडी पेटतात, म्हणून चित्र काळंपांढरं होतं. हे एलईडी ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे असतात. ८५० वाले अंधारात मिणमिणते लाल दिसतात पण लांबवर पोचतात, ९४० वाले दिसत नाहीत पण सेन्सरलाही तो प्रकाश कमीच जाणवतो त्यामुळे पल्ला कमी. हा प्रकाश जवळच्या भिंतीवर, पाईपवर आपटला तर तीच पांढरीफटक होते आणि मागचं सगळं काळं. खिडकीच्या काचेतूनही तेच. कोळ्याचं जाळं लेन्ससमोर असेल तर मग विचारूच नका.

क्लाऊडकडे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या साठवणीकडे येऊ. १०८०पी चा कच्चा व्हिडिओ सेकंदाला १५ फ्रेमनी धरला तरी सेकंदाला जवळपास ७५० मेगाबिट होतो, कुठल्या घरचं नेट एवढं वर ढकलेल? म्हणून तो दाबतात. एच.२६४ ही पद्धत २००३ ची, एच.२६५ २०१३ ची, दुसरी तशाच दर्जाला साधारण निम्मी जागा घेते. युक्ती अशी की मधूनमधून एक अख्खी फ्रेम पाठवायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. रिकामं अंगण म्हणजे बदल शून्य, डेटा नगण्य. अशाने ७५० चे २ मेगाबिट होतात. तरीसुद्धा सलग चोवीस तास चढवलं तर दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६५० च्या आसपास, एका कॅमेऱ्याचे. म्हणूनच बहुतेक क्लाऊड प्लॅन फक्त घटनांच्या क्लिपा ठेवतात, सलग नाही, आणि घटना कोणती ते ठरवणार त्या झोपाळू कॅमेऱ्याचा सेन्सर. प्लॅनची पानं वाचताना हे डोक्यात ठेवा: ३० दिवस साठवण म्हणजे ३० दिवसांचं चित्रण नव्हे. मुदत संपली की जुनी क्लिप पुसली जाते, त्यामुळे काही घडलं तर त्याच दिवशी उतरवून घ्यायची. आणि वर्गणी थांबवली तर काय उरतं, लाईव्ह दिसतं की नुसता फोटो येतो, हेही आधीच बघायचं.

याच दाबण्याच्या युक्तीची एक गंमत आहे, गंमत म्हणजे भीतीदायक. कॅमेऱ्याचा डेटा कुलूपबंद असला तरी त्याचा ओघ किती आहे ते बाहेरून मोजता येतं, आणि हालचाल असली की ओघ वाढतो. २०२० मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या आणि चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधकांनी दाखवलं की व्हिडिओ न बघता नुसत्या या चढउतारावरून घरात कुणी आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो.

मग एसडी कार्डच बरं नाही का? अर्धं बरोबर. चोराने कॅमेरा उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं, क्लाऊडमध्ये निदान उपटेपर्यंतचं पोचलेलं असतं. उलट नेट गेलं, लाईट गेली आणि राऊटर बंद पडला, किंवा कुणी वायफायच जॅम केलं तर क्लाऊड कोरा आणि कार्डच कामाला येतं. दोन्ही असलेला घ्यावा, आणि राऊटरला छोटा यूपीएस. रेंजचं म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून ५ पेक्षा बरं जातं, बरेच कॅमेरे फक्त तेच पकडतात. भोकं पाडायच्या आधी कॅमेरा तिथे नुसता हाताने धरून ॲपमध्ये सिग्नल बघा, उणे ६० डीबीएमच्या (सिग्नलचा जोर मोजायचं माप) आसपास असेल तर छान, उणे ७५ च्या खाली गेला तर क्लिपा अडकणार. मी आधी भोकं पाडली.

सगळ्यात मोठा प्रश्न, आपलं घर दुसरं कोण बघतंय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले तेच ते पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येक तास आडव्या पाडल्या. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट पासवर्ड कायद्याने बंद झालेत आणि सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत देणार ती तारीखही कंपनीला सांगावी लागते. तुम्ही कुठेही असा, ही तारीख शोधा, नसेल सांगितली तर तो कॅमेरा मी तरी घेणार नाही.

पण पासवर्ड कितीही भारी ठेवला तरी चूक कंपनीच्या बाजूने होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाईझ या कॅमेरा कंपनीच्या सेवेत बिघाड होऊन ती परत सुरू होताना सुमारे १३,००० लोकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली छोटी चित्रं दिसली, १,५०४ जणांनी त्यावर टॅपही केलं. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असं सगळेच लिहितात, पण किल्ली कुणाकडे हा खरा मुद्दा. किल्ली कंपनीकडे असेल तर वाट आणि गोदाम कुलूपबंद, पण गोदामवाल्याच्या खिशात किल्ली. एंड टू एंड असेल तर किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये, दुसऱ्याच्या हाती फाईल लागली तरी नुसता कचरा दिसणार. त्याची किंमतही आहे, किल्ली हरवली तर तुमच्याही क्लिपा गेल्या, आणि सर्व्हरला चित्र दिसत नसल्यामुळे माणूस की मांजर हे कॅमेऱ्यालाच ओळखावं लागतं. म्हणून ही ओळख कॅमेऱ्यातच होते की क्लाऊडमध्ये हे विचारा, विक्रेता गोंधळला तर समजून जा. घरात आतल्या खोलीत लावायचा असेल तर एंड टू एंडशिवाय नकोच, आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन तर आत-बाहेर दोन्हीकडे चालूच ठेवा.

शेवटी मी कॅमेरा दारावरून काढला आणि बाजूच्या भिंतीवर लावला, वाटेला आडवा, डोक्याच्या जरा वर, दारापासून अडीच मीटरवर. आता चेहरे येतात. रात्री दोन वाजता मात्र रोज एक नोटिफिकेशन येतं, उघडून बघावं तर अख्ख्या पडद्यावर आठ पाय.