हरण्याचं कारण नेमकं कुणाच्या हातात असतं?

कुस्ती हरून आलेल्या मल्लाला काय झालं असं विचारलं, की उत्तरं साधारण ठरलेली असतात. डाव चुकला. दम पुरला नाही. समोरचा भारी होता. पंचांनी गुण दिला नाही. क्रिकेटमध्ये त्यात खेळपट्टी आणि नाणेफेकीची भर पडते. ऐकणारे या उत्तरांना सबबी समजून सोडून देतात. मानसशास्त्राने मात्र ती गंभीरपणे घेतली, कारण हरलेला खेळाडू स्वतःच्या मनाला कोणतं कारण देतो, यावर तो पुन्हा सरावाला कसा उभा राहणार हे बरंचसं अवलंबून असतं.

या अभ्यासाची सुरुवात मैदानावर झाली नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये मांडलं, की माणूस रोजच्या व्यवहारात सतत कारणं शोधत असतो, आणि ती एक तर माणसात शोधतो किंवा परिस्थितीत. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड वायनर यांनी अभ्यासातल्या यशापयशासाठी लोक देतात ती चार मुख्य कारणं मांडली: क्षमता, मेहनत, कामाची अवघडता आणि नशीब. प्रत्येक कारणाला त्यांनी आधी दोन प्रश्न विचारले. ते आपल्या आत आहे की बाहेर? कायमचं आहे की बदलणारं? १९७९ मध्ये त्यांनी तिसरा प्रश्न जोडला: ते कुणाच्या ताब्यातलं आहे का? मला हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडच्या क्रीडाचर्चेत नेमका तोच राहून जातो.

१९८० मध्ये रिचर्ड लाऊ आणि डॅन रसेल यांनी अमेरिकी वृत्तपत्रांची क्रीडापानं तपासली. सामन्यानंतर खेळाडू आणि प्रशिक्षक काय बोलले, ते त्यांनी वर्गवारी करून पाहिलं. जिंकलेले लोक श्रेय स्वतःकडे जास्त घेत होते, ही अपेक्षित गोष्ट होती. पण हरलेल्यांनीही बऱ्याचदा दोष स्वतःकडेच घेतलेला दिसला. निकाल अनपेक्षित असेल, तर कारणांचा शोधही जास्त होत होता. अर्थात वार्ताहरासमोर बोललेलं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलेलं एकच असेल असं नाही. त्यामुळे संशोधकांनी खेळाडूंना थेट विचारण्याच्या प्रश्नावल्याही तयार केल्या.

या सगळ्यात मला जास्त खिळवून ठेवतो तो अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या जलतरणपटूंवरचा प्रयोग. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. आधी प्रत्येक खेळाडू वाईट घटनांची कारणं कशी देतो, हे प्रश्नावलीतून पाहिलं. मग त्याला पूर्ण जोर लावून पोहायला लावलं आणि प्रत्यक्षापेक्षा खराब वेळ सांगितली. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा पोहायला सांगितलं. ‘माझ्यातच कमी आहे आणि ती कायमची आहे’ अशा धाटणीने विचार करणारे दुसऱ्या खेपेला मंदावले. अपयशाला तात्पुरतं मानणाऱ्यांची वेळ घसरली नाही. या दुसऱ्या गटात मॅट बियाँडी होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याच्याकडून सात सुवर्णांची अपेक्षा होती. २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याला कांस्य मिळालं आणि १०० मीटर बटरफ्लायमध्ये सुरीनामच्या अँथनी नेस्टीने त्याला एक शतांश सेकंदाने मागे टाकलं. उरलेल्या पाचही शर्यतींत बियाँडीने सुवर्ण जिंकलं.

ही धाटणी शिकवता येते का? मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी १९७५ मध्ये अपयशाने हातपाय गाळणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना फक्त सोपं यश दिलं. बाकीच्यांना अधूनमधून अपयश येऊ दिलं आणि ‘प्रयत्न कमी पडले’ असं कारण द्यायला शिकवलं. पुढच्या अपयशात दुसरा गट टिकला, पहिला नाही. सोप्या लढती लावून पोरांचा आत्मविश्वास वाढवू पाहणाऱ्या प्रशिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तरीही सगळं कारण खेळाडूच्या आत ढकलणं अन्यायाचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. लाल मातीत घडलेल्या मल्लासाठी मॅट परकी होती, आंतरराष्ट्रीय नियमही. हे कारण बाहेरचं, पण बदलता येणारं होतं. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथेही जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरवलं गेलं, आणि हरकत घ्यायला आपला अधिकारी जवळ नव्हता. इथे ताबा खाशाबांचा नव्हता, पण कुणाचाच नव्हता असंही नाही.

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण पटकन म्हणतो. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. अथेन्स ऑलिंपिकला २००४ मध्ये नेमबाज अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. आपण उभे होतो ती फरशी सैल होती, असं त्याने पुढे सांगितलं. ते कारण कुरवाळत न बसता तो चार वर्षं तयारीला लागला आणि बीजिंगमध्ये सुवर्ण घेऊन आला. पण बिंद्राच्या घरी स्वतःची शूटिंग रेंज होती; ती सोय सगळ्यांकडे नसते.

पी. टी. उषाचं १९८४ मधलं ४०० मीटर अडथळ्यांचं कांस्य एक शतांश सेकंदाने हुकलं. लॉस एंजेलिसच्या क्रीडाग्रामात आपल्याला भाताची पेज आणि लोणच्यावर भागवावं लागलं आणि शेवटच्या ३५ मीटरमध्ये ताकद उरली नाही, हे तिने कित्येक वर्षांनी सांगितलं. हे कारण बाहेरचं होतं, टाळता येण्याजोगं होतं, आणि ते टाळणं पथकाची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या हातात होतं.