मणी : दागिन्यांतील प्रकार व मापे

आरपार भोक असलेला आणि दोऱ्यात किंवा तारेत ओवायचा लहान तुकडा म्हणजे मणी. तो काचेचा, सोन्याचा, पोवळ्याचा, खड्याचा किंवा लाकडाचा असतो. सोलापुरात मंगळसूत्राच्या मण्यांना तीन नावे ऐकू येतात : काळे मणी, तेलुगूत नल्लपूसलु, कन्नडमध्ये करिमणी. मणी तेच, गाठवण्याची तऱ्हा घराघरांत निराळी.

मराठीने मण्याचे माप धान्याफळांवरून घेतले. जोंधळी मणी ज्वारीच्या दाण्याएवढा, गहू आणि जव लांबट, बोरमाळेचा मणी बोरासारखा. मंगळवेढ्याची ज्वारी ज्याने मुठीत घेतली, त्याला जोंधळी मणी समजावून सांगावा लागत नाही. बोरमाळेचा मणी भरीव दिसतो, पण बहुधा वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख असते. आपटला की चेपतो.

हल्ली गोल मणी मिलिमीटरवर विकतात. 18 इंची एकपदरी माळेला 4 मिमीचे सुमारे 114, 6 मिमीचे 76 आणि 8 मिमीचे 57 मणी बसतात. फाशाची, म्हणजे माळ अडकवायच्या कडीची, जागा यातून वजा करावी.

बारीक काचमण्यांचे नंबर उलटे चालतात : 6 नंबर साधारण 4 मिमी, 8 नंबर 3, 11 नंबर 2, तर 15 नंबर जेमतेम दीड. नवखा इथे हमखास चुकतो. मागावर बसणाऱ्याला मात्र यात नवल नाही. सुताचाही काउंट चढला की सूत बारीक होते. काचमण्याचे हे मिलिमीटरचे माप त्याच्या जाडीचे असते, दोऱ्यावर तो त्याहून आखूड बसतो. म्हणून दहा मणी सुईत ओवून पट्टीवर धरावेत आणि आलेल्या लांबीला दहाने भागावे. दोन कारखान्यांचा 11 नंबर जुळेलच असे नाही. एका दागिन्याला लागणारे मणी एकदमच घ्यावेत.

भोकाकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही, आणि काम अडते ते तिथेच. मणीकामात दोरा एकाच मण्यातून तीन-चारदा जातो. सुई अडली असता जोर लावला की काच तडकते. नळीच्या मण्यांची कड धारदार असून दोरा कापते, तेव्हा नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी घालतात.

काचमणी उत्तर प्रदेशात वाराणसी व पुर्दिलनगरला, अकीक या खड्याचे गुजरातेत खंबायतला होतात. सोलापूर जिल्ह्याची स्वतःची मणीकारागिरी म्हणजे पंढरपूरची तुळशीमाळ. तिथला काशीकापडी समाज ती घडवतो. जपमाळेत 108 मणी आणि वर मेरुमणी. तो इतरांहून मोठा ठेवतात, म्हणजे अंधारातही फेरा पुरा झाल्याचे बोटाला कळते.