‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नकार, ‘टाइम्ड आउट’ म्हणजे मौन

वेबसाइट आणि डेटाबेस इतके दिवस एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने राहत होते. मग डेटाबेस वेगळ्या व्हर्च्युअल सर्व्हरवर न्यायचं ठरलं. डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची प्रत) घेतला, नव्या मशीनवर चढवला, अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये नवा आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, लिहिला आणि ब्राउझर उघडला, तर साइट बंद. लॉगमध्ये लांबलचक मजकूर आणि त्याच्या शेपटाला दोनपैकी एक गोष्ट: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ नाहीतर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

घाईत दोन्हींचा अर्थ ‘जोडलं जात नाहीये’ असा एकच लावला जातो आणि मग हाताला लागेल ते करून बघणं सुरू होतं. सर्व्हिस रीस्टार्ट कर, पासवर्ड बदल, फायरवॉलच (नको असलेली पॅकेटं अडवणारी भिंत) बंद करून टाक. मी स्वतः एकदा ‘रिफ्यूज्ड’ दिसत असताना तासभर फायरवॉलचे नियम सैल करत बसलो होतो. दोष फायरवॉलमध्ये नव्हताच. शेवटी डेटाबेसच्या कॉन्फिगमधली एक ओळ बदलली, साइट सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या खटाटोपात डेटाबेसचं पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडलं जाण्याचं त्याचं क्रमांकाचं दार, मी सगळ्या जगाला उघडं करून ठेवलंय.

हे दोन संदेश एकाच दुखण्याची दोन नावं नाहीत. ‘रिफ्यूज्ड’ हे उत्तर आहे. नाही म्हणाले, पण उत्तर दिलं. ‘टाइम्ड आउट’मध्ये उत्तरच नाही.

कनेक्शन कसं बांधलं जातं ते पाहिलं की हा फरक स्वच्छ दिसतो. अ‍ॅप्लिकेशनचं मशीन आधी एक छोटं ‘सिन’ पॅकेट, म्हणजे ‘जोडायचंय’ अशी हाक, पाठवतं. समोरच्या पोर्टवर कुणी ऐकत असेल तर ‘सिन-अ‍ॅक’ हा होकार परत येतो, मग आपल्याकडून ‘अ‍ॅक’ जातं आणि कनेक्शन उभं राहतं. युजरनेम, पासवर्ड, डेटाबेसचं नाव हे सगळं त्यानंतरचं. पोर्टवर कुणीच ऐकत नसेल, तर समोरच्या मशीनचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ‘रीसेट’ पॅकेट परत धाडतं. टीसीपीच्या, म्हणजे कनेक्शन बांधण्याच्या या पद्धतीच्या, १९८१ च्या दस्तऐवजात हा नियम लिहिलेला आहे, आणि आजही तो तसाच चालतो. हे रीसेट हातात पडताच अ‍ॅप्लिकेशनला ‘रिफ्यूज्ड’ दिसतं.

आता हाच सिन वाटेत कुणी गिळला तर? किंवा त्या पत्त्यावर मशीनच नसेल तर? मग ना होकार, ना नकार. पाठवणारं मशीन वाट बघतं आणि पुन्हा पाठवतं. लिनक्सचा बरीच वर्षं चालत आलेला शिरस्ता असा की पहिल्या प्रयत्नानंतर आणखी सहा वेळा सिन जायचा आणि दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट व्हायचा: १ सेकंद, २, ४, ८ असं करत ६४ पर्यंत. बेरीज १२७ सेकंद. बऱ्याच लायब्रऱ्या त्याआधीच धीर सोडतात, पण काही सेकंद तरी जातातच. म्हणजे संदेश न वाचताही घड्याळावरून अंदाज बांधता येतो. एंटर दाबताक्षणी एरर आली तर नकार; कर्सर लुकलुकत राहिला तर मौन. विंडोजवर मात्र जरा सांभाळून, कारण विंडोज रीसेट आल्यावरही पुन्हा प्रयत्न करून बघतं, त्यामुळे तिथे नकार कळायलाही सेकंद-दोन सेकंद लागतात.

घड्याळापेक्षा पक्की खूण आकड्यांत असते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट (त्याला जोडणारा प्रोग्राम) दोन्ही वेळा २००३ हाच एरर क्रमांक दाखवतो, आणि लोक तो २००३ शोधत बसतात. बघायचा तो ओळीच्या शेवटी कंसात असलेला छोटा आकडा. लिनक्सवर १११ म्हणजे रिफ्यूज्ड, ११० म्हणजे टाइम्ड आउट. विंडोजवर हीच जोडी १००६१ आणि १००६० अशी येते. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस संदेश शब्दांत देतो, पण दोन्ही वेळा खाली एकच प्रश्न जोडतो: त्या होस्टवर सर्व्हर चालू आहे का आणि तो टीसीपी कनेक्शन स्वीकारतोय का? टाइम्ड आउटच्या वेळी हा प्रश्न सरळ दिशाभूल करतो. माणूस सर्व्हर तपासायला जातो, आणि अडचण वाटेत असते.

नकार आला तर

नकार आला म्हणजे पॅकेट जाऊन परत आलं. रस्ता ठीक आहे. (एक अपवाद आहे, तो पुढे.) आता तपास पलीकडच्या टोकाला.

स्थलांतरानंतर सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे डेटाबेस चालू आहे, पण बाहेरचं ऐकत नाही. ‘चालू असणं’ आणि ‘ऐकणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हिसचं स्टेटस हिरवं दिसतं आणि आपण तिथेच समाधान मानतो. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमधून मायएसक्यूएल टाकला तर त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘बाइंड-अ‍ॅड्रेस’ (ऐकायचा पत्ता) १२७.०.०.१ असतो. पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ची मूळ किंमत ‘लोकलहोस्ट’ असते. म्हणजे दोघेही फक्त आपल्याच मशीनवरच्या हाकेला ओ देतात. जुन्या मशीनवर सगळं एकत्र असताना हे कधी जाणवलंच नव्हतं.

खात्री करायची तर नव्या सर्व्हरवर ‘एसएस’ कमांड चालवून ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढा. मायएसक्यूएलचं ३३०६ किंवा पोस्टग्रेसचं ५४३२ शोधा आणि त्याच्या डावीकडे कोणता पत्ता आहे ते बघा. १२७.०.०.१ असेल तर चोर सापडला. तो बदलून ०.०.०.० (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक) करा असा सल्ला जिथे तिथे मिळतो. त्याने काम होतं, पण व्हर्च्युअल सर्व्हरला बहुधा सार्वजनिक आयपीही असतो आणि डेटाबेस मग त्यावरही ऐकायला लागतो. दोन्ही मशीन एकाच खासगी नेटवर्कवर असतील तर तिथला खासगी आयपी द्यावा. आणि पोस्टग्रेसमध्ये ही ओळ बदलल्यावर रीलोड (चालू असतानाच कॉन्फिग पुन्हा वाचणं) पुरत नाही, रीस्टार्टच लागतो. रीलोड केलं, काही फरक पडला नाही, म्हणजे कारण दुसरंच असणार, असं म्हणून माणूस योग्य उपायावरूनच माघारी फिरतो.

दुसरं कारण ‘लोकलहोस्ट’ या शब्दाचं. कॉन्फिग चार फायलींत विखुरलेलं असतं. तीन बदलल्या, चौथी राहिली. त्या चौथीला लोकलहोस्ट म्हणजे अजूनही आपलंच मशीन, जिथे आता डेटाबेस नाही, म्हणून नकार. कंटेनरच्या, म्हणजे मशीनमधल्या वेगळ्या बंद कप्प्याच्या, आतून तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, बाहेरचं मशीनसुद्धा नव्हे. मायएसक्यूएलची आणखी एक खोड आहे: लिनक्सवर त्याचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ हे नाव पाहिलं की टीसीपीकडे जातच नाही, थेट युनिक्स सॉकेटची (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या मार्गाची) फाइल शोधतो. तेव्हा एरर २००३ नव्हे, २००२ येतो. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. त्याच्या १७ व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा पत्ता आयपीव्ही४ चाच आधी घ्यायची सवय गेली. सिस्टीमने आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला ‘::१’ आधी दिला आणि डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असला, की एकाच मशीनवर असूनही नकार.

यातला सगळ्यात वाईट प्रकार एरर न देणारा आहे. जुन्या मशीनवरचा डेटाबेस बंद करायचा राहून गेला, तर ती विसरलेली चौथी फाइल गुपचूप त्यालाच जोडली जाते. साइट छान चालते, आणि निम्म्या नव्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये जमा होत राहतात. म्हणून स्थलांतर झाल्यावर जुनी सर्व्हिस थांबवून ठेवावी. चुकलेल्या फायलीला नकार मिळाला तर उलट बरंच.

दोन दिवस नीट चालून मग अचानक ‘रिफ्यूज्ड’ यायला लागलं, तर कॉन्फिगला हात लावू नका, कर्नलचा लॉग बघा. लहान व्हर्च्युअल सर्व्हरवर मेमरी कमी, स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) बहुधा नसतोच. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतं, आणि सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेला डेटाबेस बहुतेक वेळा पहिला बळी ठरतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ सापडते.

मौन असेल तर

इथे डेटाबेसच्या कॉन्फिगमध्ये वेळ घालवायचा नाही. पॅकेट तिथवर पोचतच नाहीये, किंवा उत्तर परत येत नाहीये.

व्हर्च्युअल सर्व्हरला फायरवॉल बऱ्याचदा एक नसते, दोन असतात. एक मशीनच्या आत, उदाहरणार्थ उबुंटूवरचं यूएफडब्ल्यू. दुसरी सेवा देणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, मशीनच्या बाहेर. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत तिला ‘सिक्युरिटी ग्रुप’ म्हणतात. आतली फायरवॉल पूर्ण बंद केली तरी बाहेरची तशीच राहते, आणि ती मशीनच्या आतून दिसतही नाही. अशा फायरवॉली नको असलेलं पॅकेट परत पाठवत नाहीत, नुसतं टाकून देतात. म्हणून मौन.

नियम लिहिलेला असूनही मौन असेल तर त्यातला उगमाचा आयपी तपासा. वेबसाइटचा जो आयपी जगाला दिसतो, त्याच आयपीवरून ते मशीन बाहेर बोलतं असं नाही. खासगी नेटवर्कवरून पॅकेट जात असेल तर उगम खासगी आयपी असतो, आणि नियमात आपण सार्वजनिक लिहिलेला असतो.

‘पिंग तर होतंय’ हा युक्तिवाद इथे हमखास ऐकू येतो. पिंग (मशीन जागं आहे का विचारणारी कमांड) आयसीएमपी या वेगळ्या पद्धतीवर चालतं, डेटाबेस टीसीपीच्या एका ठरावीक पोर्टवर. एकाला वाट मोकळी आणि दुसऱ्याला बंद, असं सर्रास असतं, उलटही असतं. त्याऐवजी अ‍ॅप्लिकेशनच्या मशीनवरून ‘नेटकॅट’ने थेट त्या पोर्टला हात लावून बघावा. तोही त्याच मशीनवरून. आपल्या लॅपटॉपवरून केलेली चाचणी फक्त लॅपटॉपबद्दल सांगते.

सगळा वाद एका मिनिटात मिटवणारं साधन म्हणजे डेटाबेसच्या सर्व्हरवर चालवलेलं, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं ‘टीसीपीडम्प’. पोर्ट ३३०६ वर नजर लावून बसायचं आणि दुसरीकडून कनेक्शन करायचं. सिन येताना दिसलाच नाही, तर अडथळा मशीनच्या बाहेर: कंट्रोल पॅनेलची फायरवॉल, चुकीचा आयपी, नाहीतर अजून जुनाच पत्ता देणारं डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा). सिन येतोय पण उत्तर जात नाही, तर आतली फायरवॉल. टीसीपीडम्पला येणारं पॅकेट आतल्या फायरवॉलच्या आधी दिसतं, म्हणून हा निवाडा करता येतो. सिनला उत्तर जातंय आणि तरी पलीकडे मौन, तर परतीचा रस्ता बिघडलाय.

जिथे हा नियम फसतो

आता तो अपवाद. फायरवॉलला नको असलेलं पॅकेट टाकून देण्याऐवजी ‘रिजेक्ट’ करायला सांगितलेलं असू शकतं. आयपीटेबल्स या लिनक्सवरच्या फायरवॉलचा साधा रिजेक्ट आयसीएमपीचा निरोप परत पाठवतो, आणि लिनक्सवरच्या अ‍ॅप्लिकेशनला तो ‘रिफ्यूज्ड’ म्हणूनच दिसतो. म्हणजे डेटाबेस व्यवस्थित ऐकतोय, एसएसच्या यादीत पत्ताही बरोबर आहे, आणि तरीही नकार येतोय, तर आतल्या फायरवॉलमधला रिजेक्ट शोधा. रेड हॅटच्या घराण्यातलं फायरवॉल-डी याहून वेगळं वागतं. त्याच्या नकारामुळे ‘नो रूट टु होस्ट’ दिसतं, आकडा ११३. रस्त्याला, म्हणजे रूटिंगला, काहीही झालेलं नसतं.

उलटा अपवादही आहे. डेटाबेसवर कनेक्शनांचा इतका भडिमार झाला की त्याची रांग भरली, तर लिनक्स जादाचे सिन नकार न देता टाकून देतं. तेव्हा रस्ता मोकळा असून ‘टाइम्ड आउट’. हे सहसा गर्दीच्या वेळी आणि अधूनमधून होतं. फायरवॉल असं अधूनमधून करत नाही, त्यावरून ते ओळखता येतं.

आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’? मायएसक्यूएलचा १०४५, किंवा ‘या होस्टला परवानगी नाही’ म्हणणारा ११३०, किंवा पोस्टग्रेसचं ‘पीजी एचबीए फाइलमध्ये (कुणाला कुठून जोडू द्यायचं ते लिहिलेल्या) नोंद नाही’. हे नेटवर्कचे दोष नव्हेतच. डेटाबेस स्वतः बोलला, म्हणजे रस्ता, फायरवॉल, पोर्ट सगळं पार झालं. बहुतेक वेळा जुना युजर ‘लोकलहोस्ट’पुरता बनवलेला असतो, त्याला नव्या मशीनच्या आयपीवरून परवानगी द्यायची राहिलेली असते. पोस्टग्रेसमध्ये त्या फाइलीत एक ओळ वाढवून रीलोड केलं की पुरतं, इथे रीस्टार्ट लागत नाही.

त्यामुळे दुरुस्ती करताना एरर बदलली तर घाबरून मागचा बदल परत फिरवू नका. कंट्रोल पॅनेलमध्ये पोर्ट उघडलं आणि ‘टाइम्ड आउट’च्या जागी ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर पॅकेट आता मशीनपर्यंत पोचतंय. तो नियम राहू द्या आणि बाइंड-अ‍ॅड्रेसकडे वळा. तो बदलल्यावर ‘रिफ्यूज्ड’ जाऊन ११३० आला, तर नेटवर्कचं काम संपलं. आता फक्त युजरला परवानगी द्यायची उरली.